क्रूसापासून आरंभ करावा: ख्रिस्ती त्रैक्य आणि देवाचे दुःख कसे समजून घ्यावे

गोव्यात वाढलेल्या मराठी माणसाला ख्रिस्ती धर्म परका नसतो. वाड्याच्या वळणावर खुरीस असतो, संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू बायकाही असतात, फेस्ताच्या दिवशी शेजारच्या घरून ताट येते आणि चवथीला आपल्या घरून नेवऱ्या जातात. परंतु ही ओळख बहुधा इगर्जीच्या (चर्चच्या) पायरीशी थांबते. देव एक म्हणता आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशी तीन नावे घेता, हे कसे? सर्वशक्तिमान देव क्रूसावर मेला, हे कसे? हे प्रश्न आपण शेजाऱ्याला विचारत नाही, कारण विचारणे उर्मटपणाचे वाटते. आणि त्यालाही ते नेमक्या शब्दांत सांगता येतेच असे नाही. ज्यांना ते मनापासून समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. अनेक वर्षे वाचून, विचारून आणि शेजारी राहून जे हाती आले ते सांगतो.

या विषयाचे दार माझ्यासाठी एका मर्तिकाच्या घरी उघडले. आमच्या वाड्यावरील एका ख्रिस्ती आजीचा तारवटी मुलगा बोटीवर असतानाच वारला. आम्ही सगळी मुले तिला माय म्हणत असू. मी भेटायला गेलो आणि आपल्याकडे अशा वेळी जे म्हणतात तेच म्हणालो, “माय, देवाची इच्छा.” ती भिंतीवरच्या क्रूसाकडे बघत होती. माझ्याकडे न वळता ती म्हणाली, “तसे म्हणू नकोस रे बाबा. त्याचाही पूत मेला आहे.” तिने धर्मशास्त्र वाचलेले नव्हते. तरीही त्या एका वाक्यात पिता होता, पुत्र होता आणि देवाच्या घरातले मरण होते. ते वाक्य नीट उलगडायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आधी हिशेब मांडू नये

बहुतेक जण “तीन बरोबर एक कसे” या कोड्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच अडकतात. ख्रिस्ती लोकांनी स्वतः या विचाराकडे त्या वाटेने प्रवास केलेला नाही. पहिले शिष्य यहुदी होते. “परमेश्वर आपला देव एकच आहे” हे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातील वचन ते रोज म्हणत असत. अशा कट्टर एकेश्वरवादी माणसांना येशू या मनुष्यामध्ये देवच भेटल्याचा अनुभव आला, तोच येशू देवाला “बापा” म्हणून हाक मारताना त्यांनी ऐकला, आणि त्याच्यानंतर आपल्यामध्ये देवाचा आत्मा कार्य करीत आहे असेही त्यांनी अनुभवले. यांपैकी काहीही सोडून देण्यास ते तयार नव्हते. त्रैक्य हा शब्द पुष्कळ नंतरचा आहे. अनुभव आधीचा आहे आणि त्याच्या मध्यभागी क्रूस आहे.

म्हणून वाचनही त्याच क्रमाने करावे. मराठी बायबल हाताशी घेऊन प्रथम मार्काच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय एका बैठकीत वाचावा. तेथे येशू मोठ्याने ओरडतो, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे, म्हणून ते स्तोत्रही पूर्ण वाचावे, ते आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीकडे जाते. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ घ्यावा, जेथे शब्द देवासह होता, शब्द देव होता आणि शब्द देही झाला असे सांगितले आहे. मग फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील सहा ते अकरा ही वचने वाचावीत, ज्यांत देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले आणि क्रूसावरचे मरण सोसले असे म्हटले आहे. शेवटी जुन्या करारातील होशेयाचा अकरावा अध्याय वाचावा. तेथे रागावलेला देवच म्हणतो की माझे अंतःकरण पालटले आहे, तुला मी कसे सोडून देऊ. एवढे पाच उतारे वाचल्यावर कोडे सुटत नाही, परंतु ते कोणत्या प्रश्नातून निर्माण झाले हे दिसू लागते. प्रश्न असा आहे: क्रूसावर नेमके कोण होते?

काही शब्द जपून वापरावेत

आपला शेजारी क्रूसाची खूण करताना म्हणतो, “बापाच्या, पुत्राच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान.” यातील शेवटचा शब्द लक्ष देऊन ऐकावा. तो “नांवान” म्हणतो, “नांवांनी” म्हणत नाही. मराठीतही “नावाने” असेच म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस बाप्तिस्म्याविषयी जी आज्ञा आहे तिच्यातही मूळ ग्रीक शब्द एकवचनी आहे. तिघे आणि एक नाव. कपाळ, छाती आणि दोन खांदे यांवरून क्षणात फिरणाऱ्या हातात सगळा सिद्धान्त सामावलेला असतो, आणि तो पाच वर्षांचे पोरही करते.

“व्यक्ती” हा शब्द मात्र घोटाळा करतो. ख्रिस्ती मराठीत “तीन व्यक्ती, एक देव” असे म्हटले जाते, परंतु आपण व्यक्ती म्हटले की वेगळे शरीर, वेगळे मन, वेगळा पत्ता असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. चौथ्या शतकात कप्पदुकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) बासिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी जे शब्द पक्के केले त्यांचा आशय असा: देवाचे तत्त्व एकच आहे आणि ते तत्त्व तिघेही संपूर्णपणे आहेत, तिघांत भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा. पिता पिता आहे तो पुत्रामुळे, पुत्र पुत्र आहे तो पित्यामुळे. नाते बाजूला काढून मागे तीन सुटे देव उरत नाहीत.

“पुत्र” या शब्दाचेही तसेच. देवाला बायको होती आणि तिला मूल झाले, असा अर्थ कोणताही ख्रिस्ती करीत नाही. अलेक्झांड्रियातील आरियस नावाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते की पुत्र श्रेष्ठ असला तरी निर्मिलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मसभेने हे नाकारले आणि पुत्र “जनित आहे, घडविलेला नाही” व पित्याशी “एकतत्त्व” आहे असे घोषित केले. सुतार मेज घडवतो तेव्हा मेज सुताराच्या जातीचे नसते; आईच्या पोटी मूल येते ते तिच्याच जातीचे असते. त्या दोन क्रियापदांमध्ये हा सगळा वाद होता. पवित्र आत्म्याविषयीचे प्रतिपादन ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारले गेले, आणि आज रविवारी मिसाला, म्हणजे इगर्जीतील उपासनेत, जो विश्वासांगीकार म्हटला जातो तो या दोन सभांतून आलेला आहे.

हे सर्व मराठीत मांडण्याची धडपडही नवी नाही, आणि ती आपल्या भूमीवरच झाली. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी त्याने “वैकुंठ” हा शब्द घेतला. येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही: त्याच काळात या भूमीवर देवळे पाडली गेली, आणि १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद होईपर्यंत लोकांनी फार सोसले. ती आठवण ज्यांच्या घराण्यात आहे त्यांनी ती टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. शेजाऱ्याची श्रद्धा समजून घेणे हे वेगळे काम आहे, आणि ते ती आठवण जपूनही करता येते.

उपमा घ्यावी, पण कोठे तुटते ते पाहावे

आपल्या तोंडी सर्वांत आधी येते ती त्रिमूर्ती. “तुमचे त्रैक्य म्हणजे आमचे ब्रह्मा, विष्णू, महेश” असे आपण जवळिकीने म्हणतो, आणि साखळीच्या दत्तमंदिरात हात जोडणाऱ्याला तर तीन शिरांचा एक देव रोजचाच असतो. हेतू चांगला असला तरी या वाक्याने बोलणे पुढे जाण्याऐवजी संपते. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. ख्रिस्ती शिकवणुकीत तशी वाटणी नाही. जगाची निर्मिती पित्याने पुत्राच्या द्वारे आत्म्यामध्ये केली, तारण आणि पावित्र्यही तसेच, असे ते मानतात. दत्तस्वरूपात तीन देवता एका रूपात प्रकट होतात. त्रैक्यात आधी वेगळे असलेले तिघे एकत्र आले असे कधीच घडलेले नाही. दोन्ही कल्पना आपापल्या ठिकाणी खोल आहेत, आणि एकीचे माप दुसरीला लावले की दोन्ही उथळ होतात.

बेलाच्या त्रिदळाची उपमाही सुचते. परंतु त्रिदळातले एक पान म्हणजे पूर्ण बेल नव्हे, तो तिसरा हिस्सा आहे; ख्रिस्ती मतानुसार पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नाही, तो पूर्ण देव आहे. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा कधी कधी धर्मशिक्षणाच्या वर्गातही ऐकू येते, पण तिच्यात एकच वस्तू वेळोवेळी तीन रूपे घेते. सबेल्लियस या नावाशी जोडलेले हेच मत आरंभीच्या मंडळीने अमान्य केले. कारण साधे आहे: येशू प्रार्थना करतो तेव्हा तो कोणाशी तरी बोलत असतो. एकच देव मुखवटे बदलत असेल, तर पकडला जाण्यापूर्वी येशूने गेथशेमाने बागेत पित्याची प्रार्थना केली ती रात्र नाटक ठरते.

मला स्वतःला आरंभीच्या मंडळीतील विचारवंत ऑगस्टिनची मांडणी सर्वांत जवळची वाटते: प्रेम करणारा, ज्यावर प्रेम केले जाते तो, आणि प्रेम. योहानाच्या पहिल्या पत्रात “देव प्रीती आहे” असे म्हटले आहे. जग निर्माण होण्यापूर्वीही देव प्रीतीच असेल, तर ती प्रीती कोणावर होती, या प्रश्नाला त्रैक्य हे उत्तर आहे.

दुःख कोणी सोसले?

आता मायच्या वाक्याकडे वळू. येथे दोन्ही बाजूंना घसरण आहे, आणि दोन्हीकडे माणसे घसरलेली आहेत.

पहिली घसरण अशी की देव एकच आहे, म्हणून क्रूसावर पिताच मेला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तर्तुल्लियनने प्राक्सेयस नावाच्या शिक्षकावर टीका करताना, याने पित्यालाच क्रूसावर चढविले, असे लिहिले. लॅटिनमध्ये त्रैक्यासाठीचा शब्द रूढ करणारा हाच तर्तुल्लियन. म्हणजे त्रैक्याची भाषा आणि देवाच्या दुःखाचा प्रश्न एकाच वादात एकत्र वाढले. क्रूसावर पिताच असता, तर “तू माझा त्याग का केलास” ही हाक ऐकणारा कोणीच उरला नसता.

दुसरी घसरण याच्या उलट आहे. ग्रीक विचारवंतांच्या दृष्टीने देव विकाररहित होता. ज्याच्यावर कशाचाही आघात होऊ शकतो तो देव कसला? म्हणून दुःख केवळ येशू या माणसाने सोसले, त्याच्या आतला देव अस्पर्शित राहिला, असे म्हणणे सोपे होते. कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्मगुरू नेस्तोरियस याच बाजूला झुकला, आणि मरियेला “देवमाता” म्हणण्यास त्याने नकार दिला. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने त्याला विरोध केला व ४३१ साली इफिस येथील सभेने सिरिलची बाजू उचलून धरली. आज आपल्या शेजारणी सायबिणीची, म्हणजे मरियेची, लादाईन (प्रार्थना) म्हणताना तिला देवाची माता म्हणतात, त्यामागे हा निर्णय आहे. सिरिलचा मुद्दा असा होता की जन्म स्वभावाचा होत नाही, कोणाचा तरी होतो. मरणही कोणाचे तरी असते. मरियेच्या उदरी जो आला आणि क्रूसावर जो मेला तो एकच “कोणीतरी” आहे, आणि तो देवाचा पुत्र आहे. त्याने दुःख सोसले ते आपल्या मानवी स्वभावात, पण सोसणारा तोच. ४५१ साली खाल्सेदोन येथे हे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी, एकमेकांत न मिसळता आणि एकमेकांपासून न तुटता एकाच व्यक्तीत आहेत असे ठरले; ५५३ साली तर देहात क्रूसावर खिळलेला तो त्रैक्यापैकी एक आहे हे स्पष्टपणे घोषित झाले.

तर मग “देवाने दुःख सोसले” हे वाक्य ख्रिस्ती श्रद्धेत बरोबर आहे, पण ते त्रैक्याच्या आधाराने उभे आहे. तो आधार काढला की एक तर देव मरतो आणि विश्व निराधार होते, किंवा एक चांगला माणूस मरतो आणि देव लांबून पाहत राहतो.

मायचे वाक्य याच्याही एक पाऊल पुढे जाते. तिने पुत्राच्या वेदनेविषयी बोलण्याऐवजी पित्याच्या पुत्रशोकाविषयी बोलले. पित्याला शोक होतो का, यावर ख्रिस्ती विचारवंतांत आजही एकमत नाही. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास आणि त्याच्या मार्गाने जाणारे म्हणतात की देव स्वतःच्या दैवी स्वभावात दुःखाधीन होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण निष्ठुरता नसून पूर्णता आहे. त्याचे प्रेम इतके भरलेले आहे की ते कशानेही कमी होत नाही. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, बर्नार्डने हे सुंदर शब्दांत म्हटले होते: देव दुःखाधीन नाही, पण तो सहदुःखी होऊ शकतो. विसाव्या शतकात दोन महायुद्धांनंतर मात्र पुष्कळांना हे अपुरे वाटले. हिटलरच्या राजवटीत बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असलेल्या डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मगुरूने १६ जुलै १९४४ रोजीच्या पत्रात लिहिले की दुःख सोसणारा देवच साहाय्य करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिले गेले. जर्मन सैनिक म्हणून युद्धकैदी झालेल्या युर्गेन मोल्टमनने छावणीत मार्काचे शुभवर्तमान वाचले, आणि १९७२ साली मांडले की क्रूसावर पुत्र मरण सोसतो व पिता पुत्राचे मरण सोसतो. दोघांची वेदना वेगळी आहे आणि आत्मा त्या दोघांना जोडून ठेवतो. माय हेच बोलली होती. तिने मोल्टमनचे नाव ऐकले नव्हते.

हा मतभेद मनात कसा धरावा, यासाठी मी एक चित्र वापरतो. अंगणातल्या विहिरीत मूल पडले आहे. काठावर उभे राहून रडणाऱ्याचा त्याला उपयोग नाही, आणि दोर न बांधता उडी घेणाऱ्याचाही नाही. तो केवळ बुडणाऱ्यांची संख्या वाढवतो. ज्याचा दोर वर फणसाला पक्का बांधलेला आहे असा कोणीतरी खाली उतरला पाहिजे. जुने विचारवंत दोराच्या पक्केपणाविषयी बोलतात, नवे विचारवंत खालच्या गार पाण्याविषयी. उतरणाऱ्याला दोन्ही हवे असते. हे चित्रही एका मर्यादेपर्यंतच चालते: वर राहिलेला, खाली उतरलेला आणि दोर अशी तिघांची वाटणी करू लागलो, तर पुन्हा तीन देव तयार होतात.

शुभ शुक्रवारी जाऊन उभे राहावे

एवढे वाचून झाल्यावर शुभ शुक्रवारी दुपारी जवळच्या इगर्जीत जावे. शेजाऱ्याला आधी सांगितले तर तोच जागा धरून ठेवतो. मागच्या बाकांपाशी उभे राहिले तरी चालते. कम्युनियन (पवित्र भाकर) मात्र घेऊ नये, कारण ते त्यांच्यातील दीक्षितांसाठी असते. त्या दिवशी मिस होत नाही, वेदी उघडी असते, घंटा वाजत नाहीत आणि त्यांच्या जागी लाकडी मात्राकाचा कोरडा खडखडाट ऐकू येतो. त्या दिवशी योहानाचे दुःखसहन वाचतात, म्हणून मार्कातील ती आर्त हाक तेथे ऐकू येत नाही, येशूचा शेवटचा शब्द असतो, “पूर्ण झाले आहे.” एकाच मरणाचे हे दोन उच्चार आहेत. ख्रिस्ती लोकांनी एकाला गप्प करून दुसरा ठेवला नाही, याकडे लक्ष द्यावे.

अनेक जुन्या इगर्जींत येशूची मूर्ती खांद्यांशी सांधे असलेली असते. दोघे जण शिड्यांवर चढतात, एक लांब पांढरे कापड मूर्तीच्या काखांखालून घेऊन क्रूसाच्या आडव्या लाकडावरून मागे सोडतात, आणि मग एका हाताचा खिळा काढतात. हात खाली येतो. तो एकदम पडू नये म्हणून शिडीवरचा माणूस त्याला मनगटाशी धरून सावकाश उतरवतो, आजारी माणसाचा हात धरावा तसा. इतका वेळ कुजबुजणारी माणसेही त्या क्षणी थांबतात. दुसरा हात, मग पाय, मग सगळे शरीर कापडाच्या आधाराने खाली येते आणि तिरडीवर ठेवले जाते. मिरवणूक निघते तेव्हा त्याच्या मागून दुःखी सायबीण असते. काही गावांत एक मुलगी उंचावर उभी राहून येशूच्या मुखाचे चित्र असलेले वस्त्र उलगडत लॅटिनमध्ये विलापगीतातील ओळी गाते: वाटेने जाणाऱ्यांनो, पाहा, माझ्या दुःखासारखे दुःख कोठे आहे का?

मायचा मुलगा गेला त्या वर्षी मी तिच्याबरोबर होतो. मिरवणूक परत आल्यावर लोक मूर्तीच्या पायांचे चुंबन घेण्यासाठी रांगेत उभे राहिले. तिची पाळी आली तेव्हा ती वाकली, पण चुंबन घेण्यापूर्वी तिने पायावर घसरलेले कापड दोन्ही हातांनी सारखे केले. मग तिने कपाळाला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाली, “बापाच्या, पुत्राच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान.”